आईच्या झोळीचा स्टँड

बाबा गेल्यापासून आई आडवी झाली नव्हती. पाच आठवडे खुर्चीत बसूनच डुलक्या घेत होती. पाय सुजून चपलेत मावेनासे झाले. हे असंच चाललं तर भरती करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. पलंगाचं नाव काढलं की ती एवढंच म्हणायची, "बघू."

माळ्यावर बाबांचा एक कागद सापडला. दोरीच्या झोळीसाठी घडीचा स्टँड: दोन्ही टोकांना कातरीसारखे पाय, मध्ये दोन तुकड्यांत सुटणारा लांब दांडा. खाली लिहिलं होतं, 'हिच्यासाठी. गाडीत मावला पाहिजे.' लाकूडही आणून ठेवलेलं होतं. मला वाटलं, पलंगावर नाही तर निदान यात तरी ती निजेल.

बाबांनी जन्मभर मालाची खोकी ठोकली. टेप त्यांच्याकडे टिकत नसे, म्हणून सगळं वितीने मोजायचे. कागदावरची मापंही वितीतच होती. दांडा चौदा वीत, पाय सात. मी अंगणात बसून वीत टाकत खुणा केल्या, दादाने करवत चालवली.

"सरळ काप ना."

"आधी तू खुणा सरळ कर. भूमितीत किती मिळाले होते, आठवतंय?"

"तुझ्यापेक्षा जास्तच."

कितीतरी दिवसांनी आम्ही हसलो. बोल्ट आवळले, झोळी अडकवली आणि अंदाज घ्यायला दादा आत आडवा झाला. त्याची पाठ थेट फरशीला टेकली.

"अगं, पाळणा केलास की काय?"

मी कागद पुन्हा वाचला. आकडे बरोबर होते.

"हात बघू तुझा," दादा म्हणाला. त्याने माझा पंजा आपल्या पंजाला लावला. त्याचा पंजा बाबांसारखाच. माझी बोटं त्याच्या शेवटच्या पेरापर्यंतही पोचली नाहीत. प्रत्येक वितीला दोन बोटं कमी, आणि तीही चौदा वेळा. बाबांनी निवडून आणलेलं लाकूड मी तोकडं करून ठेवलं होतं.

आई दारात उभी होती.

"उद्या दुसरं लाकूड आणते, आई. दोन दिवसांत होईल."

"नको."

"अगं, पण मग झोपणार कशी?"

"माप बरोबर असतं तरी झोपले नसते गं मी." तिने चौकट धरली. "त्या दुपारी ते म्हणाले, तू पड जरा, मी बरा आहे. मी पडले. डोळा लागला. उठून बघते तर..."

दादाने हातातला पाना हळूच खाली ठेवला. शेवटच्या क्षणी आई जवळ होती, असं आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आलो होतो. तिने कधी हो-नाही केलं नव्हतं.

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? झोपले होते म्हणून?"

ती आत जाऊन पुन्हा खुर्चीत बसली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तिचे पाय मांडीवर घेतले. अंगठ्याने दाबलं तिथे खळगा पडला. तो लवकर भरेना.

"दुखतंय?"

"नाही," ती म्हणाली. पाय तिने काढून घेतले नाहीत, पण डोळेही मिटले नाहीत.