एबिलचं खाचर

विल्बरने नकाशा टेबलावर पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार सुपाऱ्या ठेवल्या. पाचवी फोडून, चुना घालून त्याने मामापुढे केली. तादाओने ती घेतली आणि हातातच ठेवली.

त्याच्या बायकोला, एबिलला, पुरून सहा दिवस झाले होते. शनिवारी थडग्यावर दगड बसवायचे होते. लोकांनी जेवण आणलेली रिकामी पातेली ओसरीवर साठली होती. कुठलं कुणाचं, हे तादाओला कळत नव्हतं. एबिलला कळलं असतं.

विल्बर त्याच्या बहिणीचा मुलगा. बेटाच्या विधिमंडळात निवडून गेलेला, महिन्याभराने पुन्हा उभा राहणारा. त्याने नकाशावरच्या रेघेवरून बोट फिरवलं. टेकडीवर अमेरिकनांचं रडार येणार होतं. त्याचा रस्ता आणि केबल एबिलच्या अळूच्या खाचरातून जायची होती. खाचर कसतं असेल तर तिच्या घराण्यातल्या सगळ्या बायकांचा होकार लागतो, आणि त्या बायकांचं दोन वर्षं एकमत होत नव्हतं. पडीक असेल तर घरच्या माणसाची सही पुरते. एबिल चार महिने मनिलाच्या दवाखान्यात होती. खाचरात गुडघाभर तण माजलं होतं, ते सगळं गाव पाहत होतं.

रडारला तादाओचा विरोध नव्हता. अमेरिकेशी करार झाला तेव्हा त्याने बाजूने मत दिलं होतं. अमेरिकेच्या फौजेत कुणीच नाही असं घर गावात शोधावं लागलं असतं. त्याची मुलगी किओमीही त्याच फौजेत, टेक्सासात होती. एबिलने कधी कुणाची बाजू घेतली नाही. ती एवढंच म्हणायची, रस्ता माथ्यावरून न्या की, लांब पडेल पण पोचेल.

"किओमीच्या रजेचं काय झालं?" तादाओने विचारलं.

विल्बर याच प्रश्नाची वाट पाहत होता. तिची तुकडी पुढच्या आठवड्यात परदेशी निघणार होती, म्हणून रजा अडकली होती.

"वकिलातीतल्या साहेबांशी माझं बोलणं झालंय. आज सहीचा कागद मिळाला तर ते आजच तिच्या वरिष्ठांना फोन करतील. शुक्रवारच्या विमानाने पोरगी घरी."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर मी कुठल्या तोंडाने त्यांना सांगू, मामा?"

तादाओने मान हलवली. हल्ली त्याला बोलणं ऐकू यायचं, पण आत पोचायला वेळ लागायचा. तो उठला. चपला पायात अडकवल्या.

बांधावर अमेरिकन इंजिनिअर वही घेऊन उभा होता. पलीकडे घराण्यातल्या सात-आठ बायका होत्या. थडग्यावर दगड बसेपर्यंत सुतकामुळे त्यांच्यातल्या एकीलाही खाचरात उतरता येत नव्हतं. पाहणीसाठी नेमका हाच आठवडा कुणी निवडला, हे कुणी विचारलं नाही.

एबिलची धाकटी बहीण उलांग पुढे होती.

"या पुढारी," ती विल्बरला म्हणाली. "मेल्या बाईच्या चिखलात मतं उगवतात वाटतं?"

"तुमचं मत तर मी धरूनच चाललोय, मावशी."

"तिथंच चुकतोस तू."

बायका हसल्या. विल्बरही हसला. त्याने कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि मामाला टेकायला म्हणून आपली बॅग पुढे धरली.

"इथं कोणी कसतं का?" इंजिनिअरने विचारलं.

तादाओ खाचराकडे बघत राहिला. कोपऱ्यात अळूची एक ओळ अजून उभी होती. पानं पिवळी पडली होती, बुंध्यांना वेल आवळून बसला होता. त्याने मोजली. अकरा रोपं.

त्याने पेन विल्बरच्या हातात दिलं. चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो खाली उतरला.

चिखल गार होता. वाकून त्याने वेल ओढायला सुरुवात केली. बांधावर एक म्हातारी फिसकन हसली आणि कुणीतरी तिला गप्प केलं. पुरुष अळूच्या खाचरात उतरत नाही. उतरला तर गाव ते वर्षानुवर्षं विसरत नाही. आणि तादाओ बैठकीत मानाच्या जागेवर बसणारा माणूस होता. त्याच्यामागून ती जागा, रीतीप्रमाणे बहिणीच्या मुलाची, म्हणजे विल्बरची होती.

"हे कसतात का?" इंजिनिअरने विल्बरकडे वळून विचारलं.

विल्बरने तोंड उघडलं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. हे बाईचं काम आहे, पुरुषाने केलेलं इथं मोजत नाहीत, माझ्या मामाला आता भान नाही, हे सगळं एका परक्याला, या बायकांसमोर. तो बाजूला वळून लाल थुंकला.

"हो," तो म्हणाला. "कसतात."

इंजिनिअरने तसं लिहून घेतलं. एक फोटो काढला. तादाओला हात करून तो गाडीकडे गेला.

विल्बर बांधाच्या कडेला येऊन उकिडवा बसला.

"मामा, किओमी आता यायची नाही. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"तिला काय सांगणार?"

तादाओने वेलाचा एक झुबका बाहेर टाकला.

"खाचर आता तिचं आहे," तो म्हणाला.

विल्बर उठला आणि नकाशाची गुंडाळी काखेत मारून निघून गेला. एकेक करत बायकाही गेल्या. उलांग राहिली. तादाओ खाली मान घालून उपटत होता, हाताला लागेल ते.

"दाजी," ती म्हणाली. "ते तण नाही."

त्याने हातात पाहिलं. बोटभर कोंब होता, पान अजून न उलगडलेलं, खाली पांढरी मुळं.

"लावा परत. तिथंच, त्याच भोकात. एवढं खोल नको. आता बाजूने चिखल दाबा. दोन्ही हातांनी."

त्याने दाबला.

"सोडा आता," उलांग म्हणाली. "उभं राहील ते."

तो तसाच धरून राहिला.