तिसरी खाच

"अहो, बारा वाजता मी डेपोत जाणार. मग थांब म्हणून सांगू नका," नलिनी दारातून म्हणाली.

"बाराला अजून दोन तास आहेत. आणि शॉकअप दोनच आहेत," गुणाजीने मान वर न करता उत्तर दिलं.

नाहूरच्या चाळीपुढच्या अंगणात त्याने आपली जुनी बुलेट मधल्या स्टँडवर चढवली होती. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंग गुंडाळलेला एकेक दांडा असतो, तो शॉकअप. रस्त्यातला खड्डा आधी त्याने खायचा, उरलासुरला माणसाने. या बुलेटवर मात्र उलटं चाललं होतं. सगळे खड्डे नलिनीच खात होती.

गेल्या मे महिन्यात गुणाजीच्या आईच्या वर्षश्राद्धाला जाताना ती वडखळच्या पुढे कंबर धरून उतरली होती. "मेले तरी परत या गाडीवर बसणार नाही," असं म्हणून तिने मागून आलेल्या एस.टी.ला हात केला. मग महाडपर्यंत पुढे एस.टी. आणि मागे तिचा धूर खात गुणाजी, अशी वरात गेली होती.

आता शिमगा आठवड्यावर आला होता. आई गेल्यापासून गावचं घर बंद होतं. गेल्या खेपेला गावदेवीची पालखी दाराचं कुलूप पाहून पुढे गेली, असं भावकीतल्या धाकूने पत्रात कळवलं होतं. यंदा दार उघडायचं, पालखी अंगणात घ्यायची, हे नवराबायकोचं ठरलं होतं. जायचं कशाने, एवढंच ठरलं नव्हतं. नलिनी एस.टी.चं रिझर्व्हेशन काढायला निघाली होती. एकाच तिकिटाचं. ते 'एकच' गुणाजीला फार लागलं होतं. लग्न झाल्यापासून सणाला गावची वाट त्यांनी कधी वेगवेगळी धरली नव्हती. आता धरली तर पुढे तीच सवय पडेल, असं त्याला वाटत होतं. म्हणून काल कामावरून सुटल्यावर तो ऑपेरा हाउसच्या स्पेअरपार्टच्या बाजारात जाऊन नवे शॉकअप घेऊन आला होता.

"काय गुणाजी, वहिनींना सोफा बसवतोस काय?" शेजारचा कुंडलिक दात घासता घासता म्हणाला.

"तू चूळ भर आधी. फेस गळतोय शर्टावर."

गुणाजी गिरणीत फिटर होता. संपानंतर गिरणी सुटली, आता तो मुलुंडच्या एका कारखान्यात लागला होता, पण हात गिरणीचाच राहिला. निघालेला प्रत्येक नट तो रॉकेलने धुऊन, निघाला त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडी. आधी डावा शॉकअप काढला, त्याच्या जागी नवा बसवला, मगच उजव्याला हात लावला. दोन्ही एकदम काढले तर गाडीचं बूड खाली बसतं, मग उचलायला चार माणसं लागतात. साडेअकराला दोन्ही घट्ट झाले. शेवटी त्याने वाकडा पाना घेऊन स्प्रिंगखालची कडी फिरवली. कट्, कट्. दुसऱ्या बाजूलाही कट्, कट्.

"बस. नाक्यापर्यंत. नाही पटलं तर मीच तुला डेपोत सोडतो."

"कशावरून? ह्याच गाडीवरून?" नलिनी म्हणाली, पण बसली.

गल्लीच्या तोंडाशी पहिला खड्डा आला आणि ती म्हणाली, "थांबवा."

ती उतरली. ओरडली नाही, हेच वाईट. "नवेही तसेच हो," एवढंच म्हणाली. गुणाजी गाडी ढकलत परत आला, ती बाजूने चालत. अंगणात येऊन तो पायरीवर बसला. हातात काही काम उरलं नव्हतं. नलिनीने आतून पर्स घेतली, चपला घातल्या आणि घुटमळली.

"मघाशी शेवटी ते कट् कट् काय केलंत?"

"स्प्रिंग कडक केली. तीन खाचा असतात त्याला. एकटा माणूस असला तर पहिली. दोघं असली तर दुसरी. पोती लादायची तर तिसरी."

"मग आपण कितवीवर?"

"तिस..."

गुणाजी मध्येच थांबला. संपाच्या वर्षी सगळे म्हणत होते, गाडी विकून टाक. नलिनीनेच विकू दिली नव्हती. "तांदूळ कशावरून आणाल?" असं तिने विचारलं होतं. आई गावाहून पोतं भरून द्यायची, गुणाजी ते मागे बांधून आणायचा आणि त्यावर चूल पेटायची. तेव्हा कडी तिसऱ्या खाचेवर गेली, ती गेलीच. आई गेली, पोतं यायचं थांबलं. हाताला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. आज नव्या शॉकअपलाही त्याने तीच खाच दिली होती.

"म्हणजे दोन वर्षं तुम्ही मला तांदळाचं पोतं समजून नेताय?" नलिनीने कपाळावर हात मारला.

"अगं, आईचं पोतं दीड मणाचं असायचं. तू कुठे तेवढी..."

"बोला, बोला! पुढे बोला!" ती हसत सुटली, आणि दोरीवरचे कपडे काढत असलेला कुंडलिकही काही न समजता हसायला लागला.

हसू ओसरल्यावर नलिनीने पर्स पायरीवर ठेवली आणि पदर खोचला.

"द्या तो पाना."

"जड जातं गं."

"दीड मणाची आहे ना मी? द्या."

तिने अंगाचा भार टाकून एक खाच सोडली. कट्. "आता दुसरी बाजू. दोन्ही सारख्या हव्यात, नाहीतर गाडी लंगडते," गुणाजीने सांगितलं, पाना मात्र तिच्याच हातात राहू दिला. कट्.

बारा वाजून गेले तेव्हा बुलेट मुलुंडच्या रस्त्याला होती. रस्ता खणून ठेवलेला, गाडी वरखाली होत होती. चेकनाका आला, गेला. गुणाजीने गाडी वळवली नाही आणि मागून कुणी वळवा म्हणालं नाही. नलिनी त्याच्या कानाशी सांगत होती, की पहाटे चारला निघू, धाकूला आदल्या दिवशी अंगण सारवायला पत्राने कळवू, ओटीला खण आईंच्याच ट्रंकेतला काढू, देवीला तो ओळखीचा असेल. एवढा खडबडीत रस्ता, पण तिचं एकही वाक्य मध्ये तुटत नव्हतं.