सुई बोक्याने गिळली, टेबलावर मी

मित्रांनो, माझ्या तोंडावरचे केस पांढरे झाले आहेत, पायरी चढण्याआधी मागच्या पायांना जरा विचार करावा लागतो, आणि उजव्या कानाने मला जेमतेम ऐकू येते. मी एक म्हातारी कुत्री आहे. या घरात मला 'मावशी' म्हणतात. खरे नाव दुसरेच काहीतरी ठेवले होते म्हणे. पण गल्लीतले कुठलेही पिल्लू दिसले की त्याला धरून चाटून-पुसून स्वच्छ करायची मला खोड होती. कुणीतरी गमतीने मावशी म्हटले आणि तेच चिकटले. आता शेजारचे आजोबासुद्धा मला मावशी म्हणतात.

माझा जन्म लाकडाच्या वखारीत, फळ्यांच्या थप्पीमागे झाला. आमचे बाबा सुतार आहेत. ते फळ्या निवडायला आले होते. परत जाताना त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत करवत होती, पटाशी होती आणि मी होते. घरी आईने पिशवी उघडली, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तुम्ही फळ्या आणायला गेला होतात ना?"

आई शिवणकाम करते. समोरच्या खोलीत खिडकीपाशी तिचे मशीन आहे, शेजारी इस्त्रीचे टेबल आणि कात्रणांची टोपली. मशीनच्या पायडलजवळची जागा माझी. त्या खडखडीशिवाय मला लहानपणी झोप येत नसे. ताई रांगायची तेव्हा माझी शेपटी धरून उभी राहायला शिकली. पुढे ती शाळेत जाऊ लागली तेव्हा तिला फाटकापर्यंत सोडणे आणि परत आली की आधी तिचे दप्तर हुंगणे, ही माझी कामे.

त्या दिवसांत माझ्या भुंकण्याला मान होता. एकदा स्वयंपाकघरात गॅसची नळी सुटली. सगळे बाहेरच्या खोलीत गप्पा मारत बसले होते. मी भुंकून भुंकून त्यांना उठवले. त्यानंतर कितीतरी दिवस बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमची मावशी उगाच तोंड उघडत नाही."

पण वय होत गेले, तशी त्या भुंकण्याची किंमतही उतरत गेली. मी भुंकले की आई मशीनवरून मान वर न करता म्हणे, "हिला काहीतरी भास होतात हल्ली." कुणी माझ्यावर रागावत नसे. जेवण वेळेवर मिळे. फक्त माझे म्हणणे काय आहे, हे बघायला कुणी उठत नसे.

मग बोका आला. नाव ऐकून हसू नका, तो कुत्राच आहे. पिल्लू असताना तो कठड्यावर चढून मांजरासारखा पाय पोटाशी घेऊन बसायचा. ताईने त्याला बोका म्हटले आणि त्यालाही ते मानवले. अंगाने तो माझ्या दुप्पट झाला, पण अक्कल मात्र कठड्यावरच राहिली. मोजे, खोडरबर, साबणाची वडी, जे दिसेल ते तोंडात. मी गुरगुरले की टाकून द्यायचा. बहुतेक वेळा.

आता एक गोष्ट सांगते, म्हणजे माझी भीती तुम्हाला कळेल. कोपऱ्यावरच्या बेकरीत एक तांबडा कुत्रा होता, माझा जुना सोबती. एके दिवशी तो खायचा थांबला. बेकरीवाल्याने त्याला गाडीत घालून डॉक्टरकडे नेले. संध्याकाळी गाडी परत आली, तेव्हा बेकरीवाल्याच्या हातात फक्त पट्टा होता. मी जाऊन तो पट्टा हुंगला. त्याला स्पिरिटचा वास होता आणि दुसरा एक वास होता, भीतीचा. तेव्हापासून गाडीचे दार उघडलेले दिसले तरी मी पलंगाखाली शिरत असे.

ताईच्या शाळेला सुट्टी लागली होती. ताई पाव-लोणी खात खात आईजवळ बसली होती. आई एका फ्रॉकची किनार हाताने घालत होती. तेवढ्यात गिऱ्हाईक आले. आईने नुकताच नवा दोरा ओवलेली सुई जवळच्या कात्रणाला टोचली, ते मशीनवर ठेवले आणि माप घ्यायला आत गेली. ताईने लोण्याची बोटे त्याच कात्रणाला पुसली आणि पाणी प्यायला उठली. बोका टपूनच होता. मी उठेपर्यंत त्याने कात्रण ओढले, दोनदा चावले आणि गिळले. सुईसकट.

मित्रांनो, सुई काय असते हे मला ठाऊक होते. एकदा ती माझ्या पंजात घुसली होती आणि मी घर डोक्यावर घेतले होते. इथे तर ती घशात गेली होती! मी बोक्याच्या तोंडाशी तोंड नेले. लोण्याखाली लोखंडाचा आणि मशीनच्या तेलाचा वास येत होता. मी भुंकू लागले. आई बाहेर आली. मी तिच्याकडे पाहून भुंकले, मशीनकडे पाहून भुंकले, बोक्याच्या अंगावर जाऊन भुंकले.

"काय गं मावशी, त्याच्या मागे का लागलीस?" आई म्हणाली. "गिऱ्हाईक आलंय, गप बस बघू."

मी गप्प बसले नाही. तेव्हा तिने मला मागच्या अंगणात बांधून ठेवले. सुई आठवलीच नाही तिला. टाचणीच्या उशीवर अशा किती तरी सुया होत्या. तिने दुसरी घेतली आणि किनार पुरी केली.

संध्याकाळी मला सोडले तेव्हा बोका सारखा घोट गिळत होता आणि ओठांवरून जीभ फिरवत होता. बाबा हसून म्हणाले, "बघा, जेवण दिसायच्या आधीच साहेब जिभल्या चाटायला लागले!" त्याने थोडा दूधभात खाल्ला आणि बाकीचा सोडून पलंगाखाली गेला. ते कुणाच्या लक्षात आले नाही, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. मी माझ्या ताटलीला तोंडही लावले नव्हते. मी पलंगापाशी बसून आत बघत राहिले आणि त्याचा श्वास ऐकत राहिले. चांगला कान जमिनीला टेकवून.

सकाळीही मी खाल्ले नाही. आई बाबांना म्हणाली, "हिचं काही खरं नाही. कालपासून अन्न नाही पोटात, कण्हत काय असते, थरथरत काय असते. मी डॉक्टरांकडे नेते."

गाडीचे दार उघडले. मी चारही पाय रोवले. मी मरायला भीत होते, हे खरे. पण त्याहून मोठी भीती ही, की ज्याला न्यायला हवे तो पलंगाखाली होता आणि नेत होते मला! मी मागे वळून वळून भुंकले. आईने मला उचलले आणि माझ्या कानाशी म्हणाली, "घाबरू नको गं, मी आहे ना."

दवाखान्यात तोच वास होता, पट्ट्यावरचा. भिंतीशी एक मांजर पिंजऱ्यात ओरडत होते. मला थंडगार टेबलावर ठेवले. डॉक्टरबाई तरुण होत्या आणि त्यांच्या हाताला घाई नव्हती. त्यांनी छातीवर नळी लावली, डोळे पाहिले, दात पाहिले, ताप पाहिला.

"ताप नाही. हृदय वयाच्या मानाने बरं आहे," त्या म्हणाल्या. "खात नाही म्हणता. उलटी? जुलाब?"

"काहीच नाही हो. नुसती त्या दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर जाऊन भुंकते."

डॉक्टरबाईंची बोटे माझ्या पोटावरून मागे सरकत होती. एका ठिकाणी ती थांबली. पुन्हा तिथेच आली.

"ही गाठ कधीपासून आहे?"

"गाठ?" आई म्हणाली. "कुठली गाठ?"

तेवढ्यात आईचा फोन वाजला. तिने तो टेबलावरच ठेवून स्पीकर सुरू केला. ताईचा आवाज रडका होता.

"आई, बोका बघ ना कसा करतोय! पंजाने तोंड ओरबाडतोय, लाळ गळतेय. आणि त्याच्या तोंडातून दोरा लोंबतोय. मी धरलाय. ओढू का?"

आईने फोनकडे हात नेला. डॉक्टरबाई फोनवर जवळजवळ पडल्याच.

"ओढू नकोस! बाळा, ऐक माझं, सोड तो दोरा. अजिबात ओढू नकोस. सोडलास?"

फोनमध्ये काही ऐकू येईना. मी टेबलावर उभी राहिले. टेबलाच्या पत्र्यावर पाय घसरत होते. मला वाटले, ओढला. आता संपले.

"सोडला," ताई म्हणाली.

"शाबास. घरात मोठं कुणी आहे?"

"बाबा अंगणात रंधा मारतायत."

"त्यांना हाक मार. त्याला खायला-प्यायला काही देऊ नका. पंजाने दोरा ओढू देऊ नका आणि लगेच इकडे आणा."

आई मटकन स्टुलावर बसली. मग हळूच म्हणाली, "दोऱ्याला सुई असणार. पांढरा दोरा... काल मी ओवला होता." आणि तिने माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, तशी नजर मी तिच्या डोळ्यांत त्याआधी कधी पाहिली नव्हती. "अगं बाई," ती म्हणाली. "तू मला हेच सांगत होतीस."

बाबांनी बोक्याला खांद्यावर टाकून आणले. त्यांच्या सदऱ्यावर लाळ होती आणि लाळेत रक्ताची रेघ होती. ताईने दोन्ही हातांनी त्याचे पुढचे पंजे धरून ठेवले होते. इतका धिप्पाड कुत्रा, पण डोळ्यांनी अगदी पिल्लू झाला होता. एक्स-रे काढला. डॉक्टरबाईंनी तो उजेडात धरला आणि आम्हा सगळ्यांना दिसली ती सुई, घशाच्या मागे, तिरकी अडकलेली.

"दोरा ओढला असता तर ती आणखी आत घुसली असती," त्या म्हणाल्या. "बेशुद्ध करून काढावी लागेल. सूज आहे. मी प्रयत्न करते."

'काढते' म्हणाल्या नाहीत. 'प्रयत्न करते' म्हणाल्या. दार बंद झाले.

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. आई म्हणाली, "मीच सुई तशी ठेवून उठले." ताई म्हणाली, "मी हात पुसले त्याला." आणि दोघी रडू लागल्या. बाबा म्हणाले, "दोष नंतर वाटून घ्या. आधी तो उठू दे." पण त्यांचाही गुडघा एकसारखा हलत होता. मी दाराच्या फटीला नाक लावून बसले. आतून स्पिरिटचा वास येत होता, रक्ताचा वास येत होता. बोक्याचा वास येत होता की नाही, हे मला कळेना. बेकरीवाला जिथे बसला असेल ते हेच बाक असेल का, असे सारखे मनात येई.

मग आत काहीतरी धातूच्या ताटलीत टणकन पडले. त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. बाबांचा गुडघा थांबला. ताईने माझ्या मानेत तोंड खुपसले.

आणि मग आतून एक रडके, भसाडे, अगदी बेसूर ओरडणे ऐकू आले. बोका शुद्धीवर येत होता. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

त्याला घरी न्यायची परवानगी मिळाली तेव्हा डॉक्टरबाई दारापर्यंत आल्या. सगळे त्याला सांभाळत गाडीकडे निघाले होते. त्यांनी मात्र माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हिला परत आणा. ती गाठ मी विसरलेले नाही."

बोका पातळ पेज पीत पीत बरा झाला. मग माझी पाळी आली. त्याच टेबलावर मला झोपवून ती गाठ काढली आणि तपासायला पाठवली. उत्तर येईपर्यंत घरात मशीन फारसे चाललेच नाही. आई पायडलवर पाय ठेवी आणि तशीच बसून राही. शेवटी फोन आला. गाठ वाईट जातीची होती, पण लहान असतानाच सापडली होती. "मावशी आता बरी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण नवीन गाठ येऊ शकते. हात फिरवत राहा."

म्हणून मित्रांनो, तुम्हाला माझी एकच विनवणी आहे. तुमच्या घरी आमच्यापैकी कुणी असेल, तर सुई, दोरा, गोळ्या, जे आमच्या पोटात जाऊ नये ते उघड्यावर ठेवू नका. आमच्या तोंडातून दोरा दिसला तर ओढू नका, मोठ्या माणसांना हाक मारा. आम्ही खायचे थांबलो, उगाच भुंकलो, कोपऱ्यात जाऊन बसलो, तर जरा उठून बघा. आणि रोज आमच्या अंगावरून हात फिरवा. लाड म्हणून फिरवा, पण बोटे जागी ठेवा.

आमची आई आता रोज संध्याकाळी मशीन झाकून जमिनीवर बसते. आधी बोक्याचा जबडा उघडून जिभेखाली बघते. मग मला कुशीवर झोपवते आणि शिवण तपासावी तशी बोटांनी माझे पोट चाचपत जाते. ती श्वास रोखते. मीही श्वास रोखून धरते. कधी कधी तिची बोटे एका जागी थांबतात. मागे येतात. पुन्हा तिथेच दाबून बघतात. ताई विचारते, "काय झालं गं?" आई मान आणखी खाली घालून चाचपत राहते.

मग बोटे पुढे सरकतात, आणि आम्ही दोघी श्वास सोडतो.