गोकुळाचं ‘नाई’

गुणवंतराव सरपंच माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कोणाला नाही म्हणता येत नव्हतं, आणि एवढ्यानं गाव काय, अख्खा देश भिकेला लागतो.

सत्तावन्न सालची गोष्ट. पावसानं दडी मारली. अहेरीच्या बाजारातून तांदूळ गायब झाला. वरचे मंत्री म्हणे आज भाव बांधत आणि व्यापाऱ्यांनी डोळे वटारले की उद्या सोडत. गावाची सारी भिस्त उरली ती तलावावर. जमीनदारांची मालगुजारी गेल्यापासून तलावाचं तुडुम, म्हणजे धानाच्या बांध्यांना पाणी सोडायचं तोंड, गुणवंतरावाच्या ताब्यात. वरच्या टोलीनं, म्हणजे वस्तीनं, पाणी मागितलं, होय. खालच्या टोलीनं मागितलं, होय. मासोळीसाठी पाणी राखा म्हणणाऱ्या ढिवरांनाही होयच. तुडुम सताड उघडं आणि निम्मं पाणी नाल्याला. तलाव आटला असता तर हातातोंडाशी आलेलं धान गेलंच होतं.

भर सभेत सोमाजी ढिवराची बायको गोकुळा उठली. "भाऊ, हे तुमच्यानं होत नाई. तुडुम माह्याकडं द्या."

लोक हसले. सोमाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गुणवंतराव सवयीनं म्हणून गेला, "होय."

गोकुळा तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, ठाण मांडून बसली. ज्याची पाळी त्यालाच पाणी. पाळी उरकली की तुडुम बंद. लोक कुरकुरत होते, ही आता घरचं भरणार.

सोमाजीची पाळी होऊन गेली आणि त्याची बांधी पुन्हा भेगाळली. तो पारीवर आला. चार माणसं तिथं उभीच होती.

"थोडं सोड. गुणवंतराव होय म्हनले."

"त्यायचं होय त्यायच्या घरी. तुमची पाळी झाली."

"अवो, आपलीच बांधी हाये. काऊन अशी करून राह्यली?"

"आपली हाये म्हनूनच नाई."

सोमाजी रागानं लाल झाला. त्या दिवशी तो जेवला नाही. पण पारीवरची ती चार माणसं गुपचूप घरी गेली, आणि त्यानंतर गावात कोणी कुरकुरलं नाही. सोमाजीचं अर्धं धान वाळलं. गावाचं मात्र तरलं, आणि तलावात मासोळीही राहिली.

कापणीनंतर चांद्याहून एक मोठे पुढारी आले. गुणवंतरावाच्या गळ्यात हार घालून त्यांनी त्याच्या खंबीरपणाचं तोंडभर कौतुक केलं. सोमाजीला राहवलं नाही. तो उभा राहिला.

"साहेब, तुडुम माह्या बायकोनं राखलं."

"असं? मग तुमच्या शेताला भरपूर पाणी मिळालं असेल," पुढारी हसून म्हणाले.

सोमाजीची छाती फुगली.

"नाई जी. पहिलं नाई तिनं मलेच म्हटलं."