दुसऱ्या कपाचा कान

वाळवंटातल्या त्या शहरात दोन रात्री राहायचं तर उतरायचं कुठं, एवढाच प्रश्न होता. पण नवरा हॉटेलांचे फोटो काढणारा असला की एवढासा प्रश्नही जन्माला पुरतो. लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून म्हणणाऱ्यांनी फोटोवाल्याबरोबर बसून हॉटेल निवडलेलं नसणार, नाहीतर म्हण जरा लांबली असती.

ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि तिच्या टेबलावर मेणाच्या गुलाबी हिरड्यांत एकेक दात बसायचा. ती डावखुरी, त्यामुळे लॅबमध्ये तिचं टेबल सगळ्यांच्या उलट मांडलेलं. शेजारच्या टेबलावरची चेष्टेनं म्हणायची, "हिचं सगळंच वाकडं, फक्त दात तेवढे सरळ." लोकांच्या हसण्याची सोय करून ती संध्याकाळी घरी यायची, तेव्हा घरात हसायला कुणी नसायचं. मुलगी शिकायला परगावी गेलेली आणि नवरा निम्मा महिना बाहेर.

त्या शहरात तो कितीदा तरी जाऊन आला होता. तिथून फोन करायचा. ऊन उतरलं की भिंती भाजल्या मातीच्या रंगाच्या होतात, गच्चीवरून वाळू दिसते, वारा पडला की इतकं शांत होतं की कपात चमचा हलवायचाही संकोच वाटतो, असं सांगायचा. ती भाजी चिरता चिरता ऐकायची आणि चिरायची थांबायची. तिला तिथं जायचं होतं. खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणी नेलं असतं तर ती गेलीही नसती. तिला त्याच्याबरोबर तिथं बसायचं होतं, आणि ही साधी गोष्ट बोलायला तिला लाज वाटायची, म्हणून ती हॉटेलं दाखवायची.

गेल्या थंडीत दाखवली, त्याच्या आधीच्या थंडीतही दाखवली. आताही थंडी सरत आली होती. पुढं तिथलं ऊन सोसवणार नव्हतं, आणि तो एका लांबच्या कामावर निघून जाणार होता. या खेपेला ठरलं नाही तर पुन्हा विषय काढायचा नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं आणि सुट्टीच्या सकाळी त्याच्यासमोर लॅपटॉप ठेवला.

"हे बघा. पाचच खोल्या. मधे अंगण, अंगणात लिंबाचं झाड."

"झाड कुंडीतलं आहे. कुंडी चादरीमागं लपवलीय."

"बरं, हे? पोहायला तलाव आहे."

"त्यात पाय बुडव आणि परत काढ. कॅमेरा जमिनीला टेकवला की डबक्याचाही समुद्र होतो."

तिसऱ्या हॉटेलात पांढऱ्या भिंती, जमिनीवर गादी आणि बाकी शून्य. धाकट्या बहिणीनं ते पाठवलं होतं, फार स्टायलिश आहे म्हणून.

"ह्याला स्टाईल म्हणत नाहीत गं, कपाट न केल्याची सबब म्हणतात."

ती हसली. मग आपण कशाला हसलो, याचंच तिला वाईट वाटलं.

"दुरून डोंगर साजरे, अगं."

"मग एकदा जवळून दाखवा. वाळवंटात जायचं म्हटलं तर उंट राहिला बाजूला, आमच्या वाट्याला उंटावरचा शहाणाच."

तिनं शेवटचं हॉटेल उघडलं. चार खोल्यांचं, अरुंद जिन्याचं. गच्चीवर लहान टेबल, दोन खुर्च्या, दोन कप. तो नावं ठेवील म्हणून ती थांबली. त्यानं नावं ठेवली नाहीत.

"हे नको," एवढंच म्हणाला.

"का? काय खोटं आहे यात?"

"नको म्हटलं ना. लांब पडतं."

"कशापासून?"

तो उठून खिडकीशी गेला. ती फोटोकडे बघत राहिली. एक खुर्ची जराशी मागं ओढलेली होती, बसलेलं माणूस पाणी आणायला उठावं तशी. घरातल्या खुर्च्याही तो अशाच ओढून ठेवायचा, आणि ती येता-जाता ठेचकाळून त्याला बोलायची. म्हणजे फोटो त्याचाच. मग तिचं लक्ष कपांकडे गेलं. एका कपाचा कान बसणाऱ्याच्या उजव्या हाताशी होता. समोरच्या, ओढलेल्या खुर्चीपुढच्या कपाचा मात्र डाव्या हाताशी.

तिनं त्याची जुनी कामं उघडली. समुद्राकाठची खोली, डोंगरातला व्हरांडा, कुठलं तरी बर्फातलं गाव. सगळीकडे दोन कप, आणि दुसऱ्याचा कान डावीकडे.

"अहो," ती म्हणाली. "हा कप असा का ठेवलाय?"

तो वळला नाही. "दोघांसाठी मांडा म्हणतात. जोडप्यांना आवडतं. आता खुर्ची कुणासाठी तरी मांडायची, तर माणूस डोळ्यापुढं लागतं ना. माझ्या डोळ्यापुढं दुसरं कोण येणार?"

"मग मला का नाही नेत?"

तो आता खिडकीपासून वळला. मग म्हणाला, "ती गच्ची एवढीशी आहे गं. दोन खुर्च्या ठेवल्या की संपली. मी तुला फोनवर काय काय सांगून ठेवलंय. तू येशील, बघशील आणि म्हणशील, एवढंच? इतरांनी फसवलं तर चालेल. मी फसवलेलं तुला दिसायला नको."

तिला रागही आला आणि रडूही. इतकी वर्षं हा माणूस तिच्यासाठी जगभर खुर्च्या मांडत फिरला आणि बसायला एकदाही बोलावलं नाही.

"मला गच्ची नको," ती म्हणाली. "मला तो कप हवाय."

थंडी संपायच्या आत ते गेले. जिना अरुंदच होता, खोली फोटोच्या निम्मी. गच्चीवरून वाळू दिसायची, पण शेजारच्याच्या पाण्याच्या टाकीमागून. तिनं सगळं नीट बघितलं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, डॉक्टरच्या निकालाची वाट बघावी तसा.

"एवढंच," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. "पुरे आहे की."

वेटरनं चहा आणला आणि दोन्ही कप सगळ्यांसाठी ठेवतात तसे ठेवून गेला. नवऱ्यानं हात पुढं करून तिच्या कपाचा कान डावीकडे वळवला. मग सवयीनं तो खुर्ची मागं सारून उठायला लागला, कप मांडून झाले की फोटो काढायला मागं जायचं असतं तसा.

"आता उठू नका," ती म्हणाली.

तो बसला.