पेअरची साळिंदरं

पत्र शुक्रवारी आलं. आमच्या गावच्या ग्रंथालय मंडळाचा अध्यक्ष हॉलिस प्रुइट, त्याच्या सहीचं. टिब नावाच्या साळिंदराचं पुस्तक मंगळवारच्या सभेत मत पडेपर्यंत मुलांना वाचून दाखवायचं नाही, मांडून ठेवायचं नाही, घरी द्यायचं नाही. का? तर मुलं उलट बोलायला शिकतात म्हणे!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं मी या ग्रंथालयात मुलांचा विभाग सांभाळते आहे. त्या पुस्तकात आहे काय? रानातली पंचायत ठरवते की सगळ्यांनी काटे, केस, शेपट्या कापून घ्यायच्या, म्हणजे कुणी कुणाला टोचणार नाही. बिजू न्हावी कात्री घेऊन तीनदा येतो आणि टिब तीनदा ‘नाही’ म्हणते. बस, एवढंच. आमच्या विभागात येणाऱ्या सात वर्षांच्या ओपलनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं स्वतः अथपासून इतिपर्यंत वाचलेलं पुस्तक ते. दोन वर्षं अक्षरांशी कुस्ती खेळली ती पोर. ते पुस्तक तिच्या हातातून काढून घ्यायचं? माझ्यादेखत?

शनिवारी आमच्याकडे ‘गोष्ट आणि खाऊ’ असतो. आधी पुस्तक वाचायचं, मग त्यातलंच काहीतरी बनवून खायचं. पाच मुलं आली, हात धुऊन टेबलाभोवती बसली.

“मिस वर्ना, आज कुठलं पुस्तक?” ओपलनं विचारलं.

“पुस्तक कुलपात आहे. आज नुसता खाऊ.”

मी पाकातल्या पेअरचे, म्हणजे नासपतीचे, डबे उघडले. ताजं पेअर घेऊ नये, कडक असतं, काड्या मोडतात. प्रत्येकाच्या बशीत अर्धं पेअर पालथं घातलं. निमुळत्या टोकाला ब्लूबेरीचं नाक, दोन बेदाण्यांचे डोळे, आणि पाठीवर प्रेट्झेलच्या खारट काड्या खोचायच्या. गाजराच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आडव्या ठेवल्या की झाली कात्री. बाजूला पनीरचा भुगा, तो गोष्टीच्या शेवटी पडणारा बर्फ.

“अगं बाई, ही तर टिब!” ओपल ओरडली.

“मी कुठं काय म्हटलं? मी पेअर कापते आहे.”

मग काय विचारता! काड्या खोचता खोचता पाचही पोरांनी गोष्ट सुरू केली. डेक्स्टरनं गाजराची कात्री सरसावली, “चल गं, काटे कापून घे!” आणि बाकीचे एका सुरात, “नाही!” छप्पर उडायचं बाकी होतं. नेमका तेव्हाच हॉलिस दारात उभा.

“वर्ना, हे काय चाललंय? मी लेखी मनाई केली होती.”

“वाचायची, मांडायची आणि द्यायची मनाई केलीस. खायची कुठं केलीस? घे, एक खा. काटा लागणार नाही, खारट आहे.”

“तुला नोकरी नकोशी झालीये का गं?”

“हवी आहे रे. म्हणून तर नीट करते आहे.”

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “मंगळवारी बघतो तुला,” म्हणाला आणि तरातरा निघून गेला.  मी पुढचं गाजर चिरायला घेतलं.

मंगळवारी संध्याकाळी सहाला सभा. आमच्याकडे रीत अशी, की दाराशी कागद असतो, त्यावर नाव-पत्ता लिहिणाऱ्या गावकऱ्याला तीन मिनिटं बोलू द्यायचं. वयाची अट त्यात कुणीच घातलेली नाही. पोरांनी ते मला सांगून ठरवलं नव्हतं हो. ओपलनं आधी नाव लिहिलं, चुकतमाकत, मग बाकीच्या चौघांनी. प्रत्येकाच्या हातात बशी, बशीत पेअर.

ओपल उभी राहिली. “एका रानात टिब राहायची,” तिनं सुरुवात केली. तीन मिनिटं झाली, ती बसली. डेक्स्टरनं तिथूनच पुढं धरलं.

“ही सभा आहे, पाळणाघर नाही!” हॉलिसनं हातोडी आपटली.

“त्यांची मिनिटं आहेत, हॉलिस,” टिपणं घेणारी आर्डिथ मान वर न करता म्हणाली. “आणि मला मध्ये थांबवू नकोस. प्रत्येक वक्त्याचा शब्दन् शब्द लिहायचा, हा तूच गेल्या वर्षी ग्रंथालयाच्या छपरावरून झालेल्या भांडणानंतर केलेला नियम.”

पाचव्या पोरानं शेवट सांगितला. बर्फ पडतो. केस कापलेले सगळे कुडकुडत टिबच्या ढोलीशी येतात. टिब म्हणते, या आत, पण जरा जपून बसा.

 मग मत घेतलं. चार विरुद्ध तीन. पुस्तक बाद!

ओपल रडली नाही. तिनं हॉलिसकडे रोखून बघत आपलं पेअर खाल्लं, कुडुमकुडुम काड्यांसकट. रडले मी, घरी जाऊन, आणि रागानंच रडले.

पुढच्या महिन्यात मागच्या सभेचं इतिवृत्त मंजुरीला आलं. चौदा पानं. हॉलिसनं ती चाळली, त्याचे कान लाल झाले, पण ‘नोंद खरी आहे’ अशी अध्यक्षाची सही केल्यावाचून सुटका कुठली? नियम त्याचाच. मंजूर इतिवृत्त ग्रंथालयात खुल्या फळीवर ठेवावं लागतं, मागेल त्याला वाचायला द्यावं लागतं. मी ते ठेवलं. खालच्या फळीवर, सात वर्षांच्या मुलीचा हात पोचेल तिथं.

बुधवारी ओपल आली. फाईल मांडीवर घेऊन, बोट फिरवत, मोठ्यानं सगळी गोष्ट वाचून काढली. शेवटच्या ओळीखाली तिचं बोट थांबलं.

“मिस वर्ना, इथं मिस्टर प्रुइटचं नाव आहे. ही गोष्ट त्यांनी लिहिली?”

“नाही गं,” मी म्हटलं. “पण खरी असल्याची सही त्यांचीच आहे.”