पायाळू रुखमिणीचं कंबर

"धानाचा रोवना तोंडावर आला, अन् तू कमरेले पट्टा बांधून बसून राहिली?" मनिराम अंगणातूनच गरजला.

"डॉक्टरनं बांधला. मी हौसेनं नाई बांधला," रुखमिणी म्हणाली.

एकोडीत कोणाच्या कमरेत चमक भरली की तो दवाखान्यात जात नसे, मनिरामच्या अंगणात पालथा पडत असे. कारण त्याची बायको रुखमिणी पायाळू, जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. पायाळू माणसानं लाथ मारली की कंबर सुटते, हे गावाला शाळेत न जाताही पाठ होतं. लाथा ती मारी, नारळ मनिराम घेई. गंमत एवढीच, की तीन वर्षांपासून तिचंच कंबर धरलं होतं आणि आता डावा पायही बधिर पडू लागला होता. पायाळूला लाथ कोण मारणार? शेवटी ती भावाला घेऊन साकोलीच्या डॉक्टरकडे गेली. त्यानं एमआरआय काढायला लावला.

"मणका सरकला म्हने!" मनिराम हसला. "शेताचा धुरा सरकते वं, मणका कुठं सरकते? माया मायनं पन्नास वर्सं रोवना केला."

"अन् शेवटची दहा वर्सं काठी घेऊन वाकून चालत होती. ते का जमिनीवर पडलेलं धान पायत होती?"

मनिरामला राग आला. बायकांच्या कामात आहे काय, म्हणत दुसऱ्या दिवशी तो स्वतःच धानाच्या बांधीत उतरला. आमच्याकडे पुरुष पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या फेकतात आणि शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून हुकूम सोडतात. चिखलात वाकून रोवणा करतात त्या बाया. गडी वाकलेला पाहून बाया गाणंच विसरल्या. दुपारच्या जेवणापर्यंत साहेब वाकले ते सरळ होईनात. दोघींनी काखेत धरून घरी आणलं.

"मार वं लाथ," अंगणात पालथा पडून तो विव्हळला.

"डॉक्टरनं मना केली. एका पायावर उभं राहून झटका दिला तं माया मणका आणखी सरकन."

"मंग मी मरू का?"

"मरू नोका. उद्या साकोलीले चला."

डॉक्टरनं त्याला दाबून, वाकवून पाहिलं. "स्नायू आखडलाय. चार दिवसांत बरं वाटेल. झोपून राहू नका, घरातली हलकी कामं करा."

एवढ्या मोठ्या दुखण्याचं एवढंसं नाव ऐकून मनिरामचं तोंड पडलं. "एमआरआय नाई का काढाचा?"

"तुम्हाला गरज नाही. तुमच्या पत्नीचा मणका पुढे सरकून नस दाबतोय. सहा आठवडे वाकणं नाही, ओझं नाही. नंतर मी शिकवेन तो व्यायाम. ऐकलं नाही तर पाय लुळा पडेल, मग ऑपरेशन."

मनिरामनं कमरेवर हात ठेवला. "मले अर्ध्या दिसात असं झालं. हिले रोजच असं होते का?"

"याच्यापेक्षा जास्त," डॉक्टर म्हणाला.

परतीच्या बसमध्ये मनिरामला लाज वाटत होती, आणि लाज वाटायची सवय नसल्यानं ती कुठं ठेवावी हे कळत नव्हतं. घरी येऊन त्यानं उरलेला रोवणा ठेक्यानं देऊन टाकला. मग गॅसपुढे उभा राहिला, कारण हलकी कामं करा असं डॉक्टरच म्हणाला होता.

पहिल्या दिवशी भात करपला. दुसऱ्या दिवशी कच्चा राहिला. तिसऱ्या दिवशी भातही झाला आणि वरणही झालं. भिंतीला पाठ टेकून खुर्चीवर सरळ बसलेल्या रुखमिणीच्या हातात त्यानं ताट दिलं आणि कौतुकाच्या आशेनं उभा राहिला.

तिनं एक घास खाल्ला.

"वरनात मीठ कमी हाये," ती म्हणाली.

वीस वर्षं त्या घरात हे फक्त मनिरामच बोलत आला होता. तो मुकाट्यानं मिठाचा डबा आणायला गेला.